परदेशात राहणाऱ्या मालकाकडून घर घेताय? बयाण्याआधीच टीडीएसचं गणित मांडा

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मामा आर्वीला माझ्या टेबलासमोर येऊन बसले. हातात खताच्या दुकानातली पिशवी. तिच्यातून त्यांनी एकेक कागद काढून मांडला: खरेदीखत, सूची क्रमांक दोन, पासबुक आणि सगळ्यात शेवटी चार घड्या घातलेली आयकर खात्याची नोटीस. म्हणाले, "बाबू, म्या सारे पैसे बँकेतून देल्ले. एक रुपया रोख देल्ला नाही. मंग हे कशाले आलं?"

मामा निवृत्त शिक्षक. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी तालुक्याच्या गावी ३८ लाखांचं घर घेतलं. विकणारा लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला, शेजाऱ्याचा मुलगा. तो नऊ वर्षांपासून मेलबर्नला नोकरीत आहे. खरेदीच्या वेळी मामांनी एका जाणकाराला विचारलंही होतं. "पन्नास लाखांच्या आत टीडीएस नसतो," असं उत्तर मिळालं. टीडीएस म्हणजे विकणाऱ्याचा कर घेणाऱ्याने किमतीतून आधीच कापून सरकारात भरणं. विकणारा भारतात राहणारा असता तर ते उत्तर बरोबर होतं. इथे मात्र मामांनी ४ लाख ९४ हजार रुपये कापून सरकारात भरायला हवे होते. ते कापले गेले नाहीत, म्हणून खात्याने ते मामांकडेच मागितले, वर १४ महिन्यांचं ६९,१६० रुपये व्याज. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांची ठेव त्यासाठी मोडावी लागली.

आमच्या भागात अशी खरेदी आता नवी राहिलेली नाही. गावागावांतली मुलं-मुली बाहेरदेशी आहेत, आईवडील गेल्यावर घरं-प्लॉट विकायला निघतात, आणि घेणारा आपल्यातलाच कुणी शिक्षक, दुकानदार, कास्तकार असतो. म्हणून पहिल्यांदाच असा व्यवहार करणाऱ्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक मी १९६१ च्या आयकर कायद्याचे दिले आहेत, कारण बँकेत आणि सीएच्या ऑफिसात लोक अजून तेच बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे. त्यात पगार सोडून टीडीएसची बहुतेक कलमं ३९३ मध्ये एकत्र केली आहेत आणि फॉर्मचे क्रमांकही बदलले आहेत. तेव्हा पैसे देण्याच्या दिवशी चालू असलेला दर, फॉर्म आणि टॅनची (कर कापणाऱ्याच्या क्रमांकाची) अट आयकराच्या पोर्टलवर एकदा पाहूनच पुढे जा.

पहिली पायरी: विकणारा या वर्षी कुठे राहतो?

बयाणा देण्याआधी विचारायचा प्रश्न हाच. पासपोर्ट कोणत्या देशाचा, आधार कार्ड आहे का, मतदार यादीत नाव आहे का, यांवर उत्तर ठरत नाही. आयकर कायदा बघतो ते त्या आर्थिक वर्षात माणूस भारतात किती दिवस होता. ढोबळ नियम १८२ दिवसांचा: तेवढे किंवा जास्त दिवस इथे असला तर निवासी, नाही तर अनिवासी. एखादा मुलगा नोकरीसाठी ऑक्टोबरात परदेशी गेला, तर एप्रिल ते सप्टेंबर असे १८३ दिवस तो इथेच होता. त्या वर्षापुरता तो निवासीच. जूनमध्ये गेला असता तर त्याच वर्षी अनिवासी झाला असता. एकाच घरातल्या दोन भावांचं उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि एकाच माणसाचं दोन वर्षांत वेगळं.

याला काही पोटनियम आहेत. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असलेला माणूस सुट्टीवर येऊन १२० दिवस किंवा जास्त राहिला, तर हिशेब बदलू शकतो. आणि आखाती देशांसारख्या, जिथे वैयक्तिक आयकर नाही अशा ठिकाणी राहणाऱ्या भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं, तर कायदा त्याला निवासी मानू शकतो. दुबई-मस्कतचा विक्रेता असेल तर हे सीएकडून तपासून घ्याच. बाकीच्यांकडून पॅन, पासपोर्टच्या शिक्क्यांच्या पानांची प्रत आणि "या आर्थिक वर्षात मी निवासी / अनिवासी आहे" असं सहीचं लेखी निवेदन घ्या. भाऊबंदकीत किंवा शेजारात असा कागद मागायला जीव कचरतो, हे मला ठाऊक आहे. तरी मागा.

इथे दोन गोष्टींत माणसं हमखास फसतात. एक, मुखत्यारपत्र. मुलगा कॅनडात, सही करायला गावातले वडील. रजिस्ट्रीच्या टेबलावर समोर वडील बसलेले दिसतात, म्हणून विकणारा निवासी वाटतो. पण मालक मुलगाच आहे, वडील फक्त त्याच्या वतीने सही करतात. पैसेही वडिलांच्या खात्यात टाकू नका. मालकाच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात टाका.

दुसरी गोष्ट वारसांची. आखीव पत्रिकेवर चार नावं असतात: एक भाऊ गावात, एक पुण्यात, एक बहीण अमरावतीला आणि एक अमेरिकेत. अशा वेळी अमेरिकेतल्या बहिणीच्या हिश्श्याला अनिवासीचा नियम, बाकी तिघांच्या हिश्श्याला निवासीचा. निवासीसाठी कलम १९४-आयए आहे: पूर्ण मालमत्तेची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का, आणि तो नुसत्या पॅनवर २६ क्यूबी या फॉर्मने भरता येतो. अनिवासीसाठी कलम १९५. त्याला ५० लाखांची काय, कसलीच खालची मर्यादा नाही. करपात्र रक्कम दिली की कपात आलीच. अनिवासीच्या हिश्श्यावर चुकून २६ क्यूबीने १ टक्का भरला, तर उरलेल्या रकमेसाठी तुम्हीच थकबाकीदार ठरता, आणि चुकीच्या फॉर्मात गेलेले पैसे सोडवताना दमछाक होते ती वेगळीच.

दुसरी पायरी: वावर घेताय की घर?

विदर्भातल्या खेड्यात हा प्रश्न फार मोलाचा आहे. खेड्यातली शेतजमीन आयकराच्या भाषेत भांडवली मालमत्ता नाही. ती विकून आलेल्या नफ्यावर कर नाही, आणि जिथे रक्कमच करपात्र नाही तिथे १९५ खाली कपातही नाही.

पण खेडं कशाला म्हणायचं, हे कायद्याने अंतरावर ठरवलं आहे. १० हजारांहून जास्त आणि १ लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाखांच्या गावापासून ६, आणि १० लाखांवरच्या शहरापासून ८ किलोमीटर. हे अंतर रस्त्याने मोजायचं नाही, सरळ रेषेत मोजायचं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आर्वी २ किलोमीटरच्या गटात येते. वर्धा १ लाखाच्या थोडं वर आहे, म्हणून ६ किलोमीटर. अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूरही ६ मध्येच, नागपूर ८ मध्ये. म्हणजे वर्ध्याहून पाच किलोमीटरवरचं वावर, त्यात कपाशी उभी असली तरी, आयकरासाठी शहरी जमीन आहे. तेवढ्याच अंतरावर आर्वीबाहेरचं वावर मात्र खेड्यातलं.

सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद आहे का ते बघा. तूर, सोयाबीन, कपाशी जे असेल ते, पण जमीन खरोखर पेरलेली हवी. अकृषक झालेला प्लॉट म्हणजे वावर नव्हे, त्यावर आजवर कुणी पराटी (कपाशी) लावत असलं तरी. हद्दीपासूनच्या अंतराचा अधिकृत दाखला मिळवा आणि सातबाऱ्यासोबत फाइलला लावा, कारण कपात का केली नाही हे उद्या तुम्हालाच सांगावं लागेल. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली विकता येते, तीही भारतात राहणाऱ्यालाच. आणि आपल्याकडे घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भासाठी कुळवहिवाटीचा १९५८ चा वेगळा कायदा आहे, तो दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी पाहून घ्या.

वावर खेड्यातलं निघालं तर तुमचं काम बरंच हलकं झालं. घर, प्लॉट, दुकानाचा गाळा असेल तर पुढे वाचा.

तिसरी पायरी: टॅन

टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक. १० अक्षरी असतो, नागपूर विभागातला एनजीपीने सुरू होतो. १९६१ च्या कायद्यात इथे पॅन चालत नव्हता. अर्ज फॉर्म ४९ बी, ऑनलाइन भरता येतो. नवरा-बायको मिळून घर घेत असाल तर दोघंही पैसे देणारे आहेत, म्हणून दोघांचा वेगळा टॅन आणि आपापल्या हिश्श्याची वेगळी कपात. व्यवहार संपला की टॅन परत करता येतो.

हे काम सौदा तोंडी ठरला की त्याच आठवड्यात करा. कारण पुढच्या पायरीत विक्रेत्याला जे प्रमाणपत्र काढायचं आहे, त्यावर तुमचा टॅन लिहिलेला असतो. टॅन नाही तर त्याचा अर्ज अडतो, आणि त्याचा अर्ज अडला की बयाण्याची तारीख टळते.

चौथी पायरी: किती कापायचं?

विक्रेत्याकडे घर २४ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर नफा दीर्घकालीन. वारसाने आलेल्या घराला आईवडिलांकडचा काळही धरतात, म्हणून वाडवडिलांची घरं जवळजवळ सगळी दीर्घकालीनच. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के. त्यावर ४ टक्के उपकर मिळून १३ टक्के. रक्कम ५० लाखांच्या वर गेली की अधिभार १० टक्के लागतो आणि आकडा १४.३ वर जातो. १ कोटीच्या वर १५ टक्के अधिभाराने १४.९५. २४ महिन्यांच्या आत विकलं तर कपात ३० टक्के, वर अधिभार-उपकर. विक्रेत्याचा पॅन नसेल तर दर आणखी चढू शकतो, म्हणून पॅन आधी मागा.

आता मामांचा हिशेब बघा. ३८ लाखांचे १३ टक्के ४ लाख ९४ हजार. विक्रेत्याचा खरा नफा मात्र तेवढा नसतो. घराची खरेदी किंमत, किंवा २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत, वजा होते. समजा ती वजा होऊन नफा १८ लाख उरला, तर त्याचा कर २ लाख ३४ हजार. मग तुम्ही पूर्ण किमतीवर का कापायचं? कायदा म्हणतो करपात्र रकमेवर कापा. पण त्याचा नफा किती, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याला नाही. तुम्ही त्याच्या सांगण्यावरून १८ लाखांवर कापलं आणि उद्या नफा २५ लाख निघाला, तर फरक तुमच्या अंगावर.

यासाठी कलम १९७ चा रस्ता आहे. विक्रेता ट्रेसेसवरून (आयकर खात्याच्या टीडीएसच्या वेबसाइटवरून) फॉर्म १३ भरतो, सोबत नफ्याचा हिशेब, जुने कागद आणि तुमच्या सौद्याचा मसुदा लावतो. आंतरराष्ट्रीय करआकारणी पाहणारा अधिकारी तपासून "या व्यवहारात अमुक टक्केच कापा" असं प्रमाणपत्र देतो. त्याला काही आठवडे जातात. विक्रेता घाई करेल, "मी विवरणपत्र भरून परतावा घेईन, तुम्ही कमी कापा" म्हणेल. परतावा घेणं त्याच्या हातात आहे, पण कमी कापणं तुमच्या हातात नाही. प्रमाणपत्र तुमच्या नावाचं, तुमच्या टॅनचं आणि तारखेने चालू असेल तरच कमी दर. जुनं किंवा दुसऱ्याच खरेदीदारासाठी काढलेलं प्रमाणपत्र चालत नाही.

दोन देशांतल्या करारामुळे घराच्या नफ्यावरचा कर सुटत नाही. घर भारतात, तर कर भारतात. "ऑस्ट्रेलियात मी कर भरतोच" हे म्हणणं इथे कामाचं नाही.

पाचवी पायरी: बयाणा, इसारचिठ्ठी, कर्ज

कपात पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, जे आधी घडेल तेव्हा करायची असते. म्हणजे बयाण्याच्या ५ लाखांवरही कपात. ५ लाखांचे १३ टक्के ६५ हजार बाजूला काढा आणि ४ लाख ३५ हजार त्याला द्या. दर ठरवताना पूर्ण सौद्याची रक्कम धरा, एकेका हप्त्याची नको.

इसारचिठ्ठीत एक ओळ जरूर घाला: "विक्रेता अनिवासी असल्याने खरेदीदार आयकर कायद्याप्रमाणे टीडीएस कापून भरेल, आणि कापलेली रक्कम ही किमतीचाच भाग समजली जाईल." ही ओळ नसली तर रजिस्ट्रीच्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या ओसरीत भांडण उभं राहतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. विक्रेत्याचा मोठा भाऊ म्हणत होता, ठरलेले पैसे पूर्ण द्या, नाही तर सही नाही. साक्षीदार उठून चहा प्यायला निघून गेले आणि त्या दिवशीची वेळ वाया गेली.

गृहकर्ज असेल तर बँकेला आधीच सांगा. बँक धनादेश थेट विक्रेत्याच्या नावे काढते आणि टीडीएसची रक्कम तुमच्या स्वतःच्या वाट्यातून द्यावी लागते. तेवढी रोकड शिल्लक आहे का, हे मंजुरीपत्र येण्याआधीच बघा.

सहावी पायरी: भरणा, विवरण, दाखला

कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची. मार्चमध्ये कापली असेल तर ३० एप्रिलपर्यंत. पोर्टलवर टॅनने जाऊन चलन २८१ काढा, कपात कंपनीव्यतिरिक्त व्यक्तीची आणि कलम १९५ हे निवडा. चलनाची प्रत जपून ठेवा.

त्या तिमाहीचं विवरण फॉर्म २७ क्यूने भरायचं. तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. बयाणा ऑगस्टमध्ये आणि खरेदी नोव्हेंबरात झाली, तर दोन तिमाही म्हणून दोन विवरणं. लोक पैसे भरतात आणि इथेच विसरतात. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, ते कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत वाढत जातं. विवरण भरल्यावर ट्रेसेसवरून फॉर्म १६ ए उतरवा आणि १५ दिवसांत विक्रेत्याला पाठवा. त्याला परतावा मिळायचा असेल तर तो याच कागदावर.

पुढे विक्रेत्याला एनआरओ खात्यातून पैसे परदेशी न्यायचे असतील तर त्यासाठीचे १५ सीए आणि १५ सीबी हे फॉर्म भरणं त्याचं काम. वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादाही त्याचीच. ते तुमच्या गळ्यात घालून घेऊ नका.

मामांच्या खरेदीच्या वेळी ३० लाख किंवा त्यावरच्या प्रत्येक खरेदीची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जात होती. मामांना वाटलं होतं कुणीतरी चुगली केली. कुणी केली नव्हती.

घर घेत नाही, भाड्याने घेतलंय?

मालक परदेशी असेल तर भाड्यावरही हाच नियम. दुकानाचं महिना ८ हजार भाडं असो की २० हजार, दर ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२. मालकाने कमी दराचं प्रमाणपत्र आणलं तर कमी. भाडं गावातल्या काकाच्या हाती रोखीने देत असाल तरी जबाबदारी तुमचीच.

जिनिंग, संत्रा, यंत्रं

आमच्या भागातले काही जण धंद्यासाठी परदेशी विक्रेत्यांना, दलालांना पैसे पाठवतात. तिथेही टीडीएसचा हाच प्रश्न येतो. नुसतं यंत्र आयात केलं आणि विक्री परदेशातच पूर्ण झाली, विकणाऱ्याचं इथे कार्यालय नसेल, तर साधारणपणे टीडीएस नसतो. पण ते यंत्र बसवायला तंत्रज्ञ येतो, त्याचं वेगळं बिल तांत्रिक सेवेचं. त्यावर कायद्याचा दर २० टक्के आणि उपकर. त्या देशाशी करार असेल तर बहुधा १० किंवा १५ टक्के, पण त्यासाठी विक्रेत्याचं त्याच्या देशातलं निवासी प्रमाणपत्र आणि फॉर्म १० एफ तुमच्या हातात हवं. "आम्हाला बिल पूर्ण मिळालं पाहिजे" असं त्याने करारात लिहून घेतलं असेल तर कर तुमच्या खिशातून जातो: १ लाख निव्वळ द्यायचे असतील तर २०.८ टक्क्यांनी बिल १,२६,२६३ धरावं लागतं. सही करण्याआधी करारातली ही ओळ शोधा. आणि धंद्याच्या हिशेबात अनिवासीला दिलेल्या रकमेवर कपात केली नाही, तर ती पूर्ण रक्कमच खर्च म्हणून नाकारली जाऊ शकते.

संत्रा बाहेर पाठवणाऱ्यांच्या परदेशी दलालाचं कमिशन, त्याचं काम पूर्णपणे तिकडेच झालं असेल तर, साधारणपणे इथे करपात्र होत नाही. तरी त्याचं पत्र, करार आणि कामाचा पुरावा घेतल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

पैसे आधीच देऊन टाकले असतील तर

नोटिशीची वाट पाहू नका. न कापलेल्या रकमेवर दर महिन्याला १ टक्का व्याज चढतं, आणि महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात. कापली पण भरली नसेल तर १.५ टक्का. दंड कराइतका होऊ शकतो. विक्रेत्याने त्या वर्षाचं विवरणपत्र भरून ही विक्री दाखवली असेल आणि कर भरला असेल, तर सीएचं फॉर्म २६ ए मधलं प्रमाणपत्र घेऊन मूळ रक्कम तुमच्यावरून उतरू शकते. व्याज तरीही त्याने विवरणपत्र भरलं त्या तारखेपर्यंतचं द्यावं लागतं. म्हणून आज संध्याकाळीच त्याला फोन करा आणि विवरणपत्राची पोचपावती मागा. मामांच्या विक्रेत्याने विवरणपत्र भरलंच नव्हतं, आणि तिसऱ्या फोननंतर त्याने आमचा नंबर उचलणं बंद केलं.